सातचा भोंगा : मोहित्यांचे वडगाव आणि घरातला टीव्ही

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार लोकवस्तीचे गाव आहे. वस्ती बहुतांशी शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यांत काम करणाऱ्यांची. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे अमृतमहोत्सवी स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, या गावाने सभेत एक निर्णय घेतला : रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तो वाजताच प्रत्येक घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद होईल आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत कोणीही ते सुरू करणार नाही. या दीड तासात मुलांनी अभ्यास, वाचन किंवा लेखन करावे आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू झाली.

वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी या गावाची दखल ‘डिजिटल उपवास’ अशा कौतुकाच्या शब्दांत घेतली. कौतुक योग्यच होते, परंतु त्या गडबडीत या प्रकरणातील खरा प्रश्न मागे पडला. मुलांच्या टीव्ही पाहण्यावर घराने मर्यादा घालावी का, या प्रश्नावर पालक सहसा मुलाकडे बोट दाखवून चर्चा करतात : तो किती वेळ पाहतो, काय पाहतो, उठवले तर किती रडतो. वडगावात मर्यादा मुलांवर घातलीच नव्हती. ती घरावर घातली होती, आणि तिची पहिली झळ मुलांना नव्हे तर मोठ्या माणसांना लागली. या एका फरकासाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

टाळेबंदीचे देणे

गावावर ही वेळ का आली, हे समजण्यासाठी मार्च २०२० पासूनची दोन वर्षे लक्षात घ्यावी लागतात. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर गेले. ज्या घरी स्मार्टफोन होता त्या घरी तो मुलाच्या हाती आला. ज्या घरी नव्हता त्या घरासाठी टीव्ही हीच शाळा होती. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची दैनंदिन मालिका प्रसारित होऊ लागली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य आयांनी आयुष्यात पहिल्यांदाच मुलाला स्वतः हाका मारून टीव्हीसमोर बसवले. ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये भरू लागले, लहानांचे वर्ग त्यानंतर. मध्येच जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद राहिल्या.

म्हणजे पडद्याची सवय मुलांनी चोरून लावून घेतलेली नव्हती. ती शासनाने, शाळेने आणि पालकांनी मिळून, नाइलाजाने का होईना, लावली होती. शाळा उघडल्या तेव्हा मुले वर्गात परतली, पण घरी आल्यावर दप्तर टाकून पुन्हा मोबाइल किंवा टीव्हीपुढे बसू लागली, असे गावाचे सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितले होते. कालपर्यंत ‘बस, पाहा’ म्हणणारी आई आज ‘ऊठ, बंद कर’ म्हणू लागली की मुलाच्या दृष्टीने तो नियम नसतो, आईची लहर असते. टाळेबंदीनंतरच्या घराघरांतील भांडणांच्या मुळाशी ही गोष्ट होती असे मला वाटते, आणि म्हणूनच नियम आईच्या तोंडून न येता देवळावरच्या भोंग्यातून यावा ही कल्पना दिसते तितकी साधी नव्हती.

पुरुष हसले, बायका बसल्या

निर्णय एका बैठकीत झाला नाही. ग्रामपंचायतीने प्रस्ताव प्रथम मांडला तेव्हा पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. त्यानंतर पंचायतीने गावातील महिलांना एकत्र केले. आपण मालिका आणि मोबाइल यांत गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतो, हे महिलांनी मान्य केले आणि काही वेळ सगळ्या गावानेच हे बंद ठेवावे याला त्यांनी संमती दिली. मग पुन्हा बैठक झाली आणि देवळावर भोंगा बसवण्याचे ठरले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. मराठी वाहिन्यांवर मालिकांची रांग सातच्या सुमारास सुरू होते आणि साडेदहापर्यंत चालते. सात ते साडेआठ ही वेळ निवडणे म्हणजे गावातील स्त्रियांच्या करमणुकीचा पहिला आणि हक्काचा तुकडा काढून घेणे होय. दिवसभर रानात आणि चुलीपाशी राबलेल्या बाईला पाय पसरून बसायला मिळणारा तोच काय तो वेळ. तो तिने स्वतः सोडला नसता तर भोंगा आठवडाभरही टिकला नसता, कारण घरातला रिमोट संध्याकाळी तिच्याच हाताशी असतो. पुरुषांच्या वाट्याच्या बातम्या आणि क्रिकेट रात्री उशिराही सापडतात. त्यामुळे, स्पष्टच लिहायचे तर, या प्रयोगाची किंमत सारखी वाटली गेली नाही. ज्यांनी ती अधिक मोजली त्यांच्याच होकारावर प्रयोग उभा राहिला.

भोंगा वाजला आणि गाव गप्प झाले, असेही घडले नाही. सुरुवातीला पंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांची पथके गल्लोगल्ली फिरून ‘टीव्ही बंद करा’ म्हणून सांगत. घरोघरच्या या फेऱ्यांत अंगणवाडी सेविका आणि आशा सेविकाही होत्या. (गावातले प्रत्येक नवे काम शेवटी याच दोघींच्या गळ्यात पडते, हे येथेही चुकले नाही.) घरातील टीव्ही बंद करायला लावण्याचा कायदेशीर अधिकार ग्रामपंचायतीकडे नाही, त्यामुळे सगळा भर विनवणीवर आणि शेजारधर्मावर होता.

‘भोंगा’ या साधनाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. सांगली, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात कारखान्याचा भोंगा ही ओळखीची गोष्ट आहे. पाळी सुरू झाल्याचे आणि सुटल्याचे तो सांगतो, त्यावर घड्याळे लावली जातात, डबे भरले जातात. अशा मुलखात भोंग्याने सांगितलेली वेळ पाळणे हे कोणाला अपमानाचे वाटत नाही. शिवाय सात ही दिवेलागणीनंतरची वेळ. हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोति म्हणायचे, परवचा आणि पाढे म्हणायचे, ही या वेळेची जुनी रीत. ती बहुतेक घरांतून केव्हाच गेली असली तरी तिची आठवण आजीच्या पिढीत शाबूत आहे. त्यामुळे नव्या नियमाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विरोधाऐवजी आधार मिळण्याची सोय आपोआप झाली.

तास मोजायचे की वेळ ठरवायची

बालरोगतज्ज्ञांचा सल्ला सहसा तासांच्या भाषेत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला एका तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या भारतीय संघटनेची शिफारसही जवळपास तशीच आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने मात्र २०१६ मध्ये सहा वर्षांवरील मुलांसाठी ठरावीक तास सांगण्याचे टाळले आणि झोप, खेळ, अभ्यास यांना धक्का लागणार नाही अशी सातत्यपूर्ण मर्यादा कुटुंबाने स्वतः आखावी, असा पवित्रा घेतला.

हे आकडे चुकीचे नाहीत. अडचण अशी की ते ज्या घराची कल्पना करतात त्या घरात मुलाचा टीव्ही आणि मोठ्यांचा टीव्ही वेगळा मोजता येतो. आपल्याकडील बहुसंख्य घरांत टीव्ही एकच, तो बाहेरच्या खोलीत, आणि त्याच खोलीत जेवण, अभ्यास, पाहुणे आणि झोपणे. अशा घरात सात वर्षांच्या मुलाने ‘एक तास’ पाहिला म्हणजे नेमके काय? तो समोर बसला तो एक तास, की त्याच्या कानावर पडत राहिले ते चार तास? कोणी लक्ष देऊन पाहत नसतानाही टीव्ही चालू असला की लहान मुलांच्या खेळात सारखा खंड पडतो आणि आईवडील त्यांच्याशी कमी बोलतात, हे बालविकासाच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तासांच्या हिशेबात हा मागे चालू असलेला टीव्ही कोठेच धरला जात नाही.

याचा पडताळा मला स्वतःच्या घरी आला, आणि तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही. आमचे घर दोन खोल्यांचे. मुलगा चौथीत असताना मी त्याच्यासाठी रोज एक तासाची मर्यादा ठरवली आणि तास संपला की रिमोट तांदळाच्या डब्यात ठेवू लागले. सात वाजता सासूबाईंची मालिका सुरू होई, तेव्हा रिमोट डब्यातून बाहेर येई. मुलगा नियमाप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून भागाकाराची गणिते घेऊन बसे. तीन दिवस मी हे समाधानाने पाहिले. चौथ्या दिवशी लक्षात आले की जाहिराती लागल्या की त्याची पेन्सिल चालते आणि मालिका सुरू झाली की थांबते. त्या पंधरवड्यातील मालिकेची कथा त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मी त्याला रागावले, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “अगं, कान कुठे ठेवायचे त्याने, तुझ्या डब्यात?” मला त्यावर उत्तर नव्हते.

ज्या घरात भिंत नाही त्या घरात मुलापुरती मर्यादा ही मुलाची परीक्षा असते, आणि ती परीक्षा घेणारे स्वतः मात्र मालिका पाहत असतात. वडगावने तास मोजण्याऐवजी वेळ ठरवली, आणि त्या वेळेत कोणासाठीच टीव्ही नाही असे ठरवले. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक तर रोजची घासाघीस संपली. ‘अजून पाचच मिनिटं’ हे वाक्य ज्याला ऐकवायचे तो माणूसच समोर नाही. भोंग्याशी वाद घालता येत नाही. दुसरे म्हणजे शेजारचे घर हा जो प्रत्येक घराच्या नियमातला चोरदरवाजा असतो, तो बंद झाला. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर मूल चप्पल घालून शेजारी जाते, आणि शेजारीण प्रेमाने त्याला बसवून वर लाडूही देते; तिला काय म्हणणार? सगळ्या गल्लीत एकाच वेळी अंधारलेले पडदे असले की जायला जागाच उरत नाही. मर्यादा घरोघरी पाळायची पण ठरवायची गावाने, ही या प्रयोगाची खरी रचना होती.

परिणाम काय झाला, याचे उत्तर गुणपत्रिकेत शोधण्यात अर्थ नाही. दीड तासाच्या शांततेचा आणि परीक्षेतील गुणांचा संबंध इतका सरळ नसतो. गावातल्या लोकांनी जे सांगितले ते वेगळ्या प्रकारचे होते. एका आईने सांगितले की मुलांवर लक्ष ठेवणे सोपे झाले, कारण कामावरून आलेले त्यांचे वडील आता त्यांचा अभ्यास घेतात आणि तिला स्वयंपाकघरातील कामे निवांत उरकता येतात. शाळेत जाणारे तीन मुलगे असलेल्या एका ऊस उत्पादकाने सांगितले की आता घरात साधे बोलणे होऊ लागले आहे. पहिल्या विधानाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. टीव्ही बंद झाल्यामुळे मूल बदलले असे ती आई म्हणत नाही. नवरा बदलला, असे ती म्हणते. अर्थात, ती मात्र त्या दीड तासात स्वयंपाकघरातच आहे, हेही त्याच विधानात दिसते.

हरकती

या प्रकरणाविरुद्धचा सर्वांत गंभीर मुद्दा स्वातंत्र्याचा नाही, तर टीव्हीच्या बाजूचा आहे. खेड्यातील टीव्ही म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी, हे गृहीतक तपासून पाहिले गेले आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील २००१ ते २००३ या काळातील पाहणीच्या आधारे, गावात केबल आल्यानंतर काय बदलते याचा अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, स्त्रियांची निर्णयक्षमता वाढल्याचे दिसले आणि लहान मुलांच्या शाळेतील नावनोंदणीत वाढ झाल्याचेही काही पुरावे मिळाले. ज्या मालिकांना आपण नाके मुरडतो त्यांतील शहरी, शिकलेल्या, स्वतःचे पैसे मिळवणाऱ्या बायका पाहून खेड्यातील बाईच्या मनात काहीतरी हलत असावे.

हा निष्कर्ष वडगावच्या निर्णयाला खोडून काढत नाही, कारण तेथे टीव्ही काढून टाकलेला नाही. चोवीस तासांतील दीड तास तो बंद ठेवलेला आहे. पण जे लोक या प्रकरणाचा दाखला देऊन ‘टीव्हीच नको’ असा उपदेश करतात, त्यांनी तो लक्षात ठेवावा. बाईची मालिका गेली आणि तिच्या जागी तिला काहीच मिळाले नाही, तर मुलाच्या अभ्यासाच्या नावाखाली घरातील एकमेव मोकळी खिडकी बंद केल्यासारखे होईल.

दुसरी हरकत देखरेखीची. कोणी दारात येऊन टीव्ही बंद आहे का पाहणे, हे मला व्यक्तिशः रुचत नाही, आणि मोठ्या शहरातील सोसायटीत ते कोणी खपवूनही घेणार नाही. लहान गावात हे चालते कारण दारात येणारी अंगणवाडीताई ही परकी नसते. तरीही फेऱ्या सुरुवातीच्या दिवसांपुरत्या असणे आणि नियम कायमचा असणे, यात फरक राखलाच पाहिजे.

तुलनेसाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी गावाचे उदाहरण घेता येईल. तेथील ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. हेतू दोन्ही गावांचा एकच, परंतु बान्सीचा ठराव वय पाहून माणसे वेगळी करतो आणि वडगावचा भोंगा सगळ्यांना सारखाच वाजतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातून फोन काढून घेऊन चाळीस वर्षांच्या बापाने तोच फोन पाहत बसणे, हे मुलगा किती दिवस ऐकून घेईल, याचे उत्तर देण्यासाठी अभ्यासाची गरज नाही.

तिसरी हरकत माझ्या मुलाने, हे सगळे त्याला सांगितल्यावर, घेतली : साडेआठनंतर काय? प्रश्न रास्त आहे. दीड तास दाबून ठेवलेली भूक साडेआठला दुप्पट होऊन ताटावर बसली, जेवण टीव्हीसमोर झाले आणि झोप साडेदहाच्या पुढे गेली, तर कमावलेले निम्मे तेथेच गेले. मुलांच्या बाबतीत पडद्याचा सर्वांत सरळ तोटा झोपेचा असतो, आणि सातचा भोंगा झोपेबद्दल काही बोलत नाही. माझ्या मते वडगावच्या रचनेतील हीच खरी उणीव आहे, आणि ती भोंग्याने नव्हे तर प्रत्येक घराने भरून काढायची आहे. जेवताना बंद आणि झोपण्यापूर्वी तासभर बंद, एवढे दोन नियम त्याला जोडले तरी पुरेसे होतील.

आमच्या घरावर भोंगा नाही. तरी गेल्या जूनपासून, शाळा सुरू झाल्यावर, आम्ही सात ते आठ हा एक तास टीव्ही बंद ठेवतो. सासूबाईंच्या दोन अटी होत्या. सातची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, ती त्यांनी पाहताना कोणी त्यांना काम सांगायचे नाही, ही पहिली. दुसरी अट अशी की त्या तासात माझ्या नवऱ्याचा फोनही तांदळाच्या डब्यात जाईल. पहिली अट लगेच मान्य झाली. दुसरीवर आठ दिवस चर्चा चालली. अखेर फोन डब्यात न जाता डब्याच्या झाकणावर राहील आणि वाजला तरच उचलला जाईल, असे ठरले. रविवारी मालिकांचा विशेष भाग असला की हा सगळा नियम कोलमडतो आणि आम्ही चौघेही तो भाग पाहतो.